अज्ञानाची लाज व तिचें फळ
‘बेन-हूर’ या ग्रंथाच्या कर्त्याविषयीं एक पाठ

वाचावयाचे शास्त्रभाग : लूक १:१–४, प्रेषितांचीं कृत्यें १७:१०–१२, १ पेत्र ३:१५.



आपल्या मंडळ्यांतून एक प्रश्न मला वारंवार विचारण्यांत येतो : ख्रिस्ती मनुष्यानें कादंबऱ्या वाचाव्या काय? जें घडलेंच नाहीं तें लिहिण्यानें व वाचण्यानें सत्याचा अपमान होत नाहीं काय? प्रश्न योग्य आहे. त्याचें थोडक्यांत उत्तर असें कीं, नाथान संदेष्ट्यानें दावीद राजाला त्याचें पाप दाखविलें तें एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगून. आणि आपल्या प्रभूनेंही पेरणाऱ्याचा, हरवलेल्या मेंढराचा व उधळ्या पुत्राचा दाखला दिला. आपल्या महाराष्ट्रांत बाबा पदमनजींनीं १८५७ सालीं ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचें दुःख लोकांपुढें मांडिलें. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून तिचें नांव घेतलें जातें. तेव्हां गोष्ट सांगणें हें पाप नव्हे. ती कोणत्या हेतूनें व किती आदरानें सांगितली जाते, हें पाहिलें पाहिजे.

या पाठांत अशाच एका गोष्टीच्या कर्त्याचा आपण विचार करूं. तो पाळक नव्हता, पंडितही नव्हता. तो अमेरिकेंतील एक सेनापति होता. त्याचें नांव ल्यू वॉलेस, व त्याच्या ग्रंथाचें नांव ‘बेन-हूर’.

१. लाज

वॉलेसचा जन्म १८२७ सालीं इंडियाना प्रांतांत झाला. लहानपणीं तो शाळा चुकवून रानांत भटके, परंतु घरीं बापाचीं पुस्तकें मात्र आवडीनें वाची. पुढें तो वकील झाला. १८६१ पासून १८६५ पर्यंत गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेंत जें यादवी युद्ध झालें, त्यांत तो उत्तरेकडील सैन्यांत मोठ्या हुद्द्यास चढला. १८६२ सालीं शायलोच्या लढाईंत पहिल्या दिवशीं त्याची पलटण वेळेवर पोहोंचली नाहीं. त्याचा ठपका त्याच्यावर आला, आणि तो डाग धुवून निघावा म्हणून तो जन्मभर झटत राहिला.

धर्माविषयीं त्याची वृत्ति उदासीन होती. तो देवाला नाकारीत नव्हता व स्वीकारीतही नव्हता. त्या गोष्टीचा विचारच करीत नव्हता. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायांतील मागी लोकांची कथा त्याला फार मनोरम वाटे. तिच्यावरून त्यानें एक लहानशी गोष्ट लिहून ठेविली होती. परंतु ती केवळ सुंदर म्हणून, सत्य म्हणून नव्हे.

१८७६ सालीं तो इंडियानापोलिस शहरीं एका मेळाव्यास आगगाडीनें चालला होता. त्याच गाडींत कर्नल रॉबर्ट इंगरसॉल होता. हा मोठा वक्ता, आणि ख्रिस्ती धर्मावर उघडपणें हल्ला करणारा म्हणून देशभर गाजलेला. त्यानें वॉलेसला आपल्या डब्यांत बोलाविलें. वॉलेसनेंच विषय सुचविला : देव, स्वर्ग व मरणानंतरचें जीवन. मग इंगरसॉल बोलूं लागला, आणि गाडी शहरीं पोहोंचेपर्यंत बोलतच राहिला.

स्टेशनावर उतरल्यावर वॉलेस ट्रामगाडींत बसला नाहीं. अंधारांतून एकटाच पायीं चालत निघाला. इंगरसॉलचें म्हणणें खोडून काढावें, असें त्याच्यापाशीं कांहीं नव्हतें. आणि तें मान्य करावें, तर तेंही समजून-उमजून करण्याइतकें ज्ञान नव्हतें. वय पन्नाशीला आलेलें. राज्यकारभार, कायदा, युद्ध या सर्वांविषयीं त्याला आपलें असें मत होतें. आणि ज्या एका प्रश्नावर सार्वकालिक जीवन अवलंबून आहे, त्याविषयीं मात्र तो कोरा! त्या रात्रीं त्याला आपल्या अज्ञानाची लाज वाटली. या प्रकरणाचा एकदां नीट शोध करावयाचा, असा त्यानें निश्चय केला.

वाचकहो, येथें क्षणभर थांबा. नास्तिकाच्या मुखानें देवानें एका मनुष्याला जागें केलें! आपल्यापैकीं पुष्कळ जण ख्रिस्ती घरांत जन्मले. बाजाराच्या दिवशीं कोणी आपल्याला विचारलें, ‘तुमचा ख्रिस्त कोण? त्यानें काय केलें?’ तर आपण रागावतों, किंवा ‘आमच्या पाळकांना विचारा’ म्हणून पुढें चालूं लागतों. पेत्र म्हणतो कीं, आपल्या आशेविषयीं विचारणाऱ्याला सौम्यतेनें उत्तर देण्यास सर्वदा सिद्ध असावें. जो सिद्ध नाहीं त्याला लाज वाटणें हीही देवाची कृपाच होय. लाज दाबून टाकणें मात्र घातक आहे.

२. शोध

आतां त्यानें काय केलें तें पहा. देवज्ञानाचे जाडे ग्रंथ त्यानें प्रथम उघडले नाहींत. चार शुभवर्तमानें घेतलीं. कोरडा अभ्यास आपल्या हातून तडीस जाणार नाहीं, हें त्याला ठाऊक होतें. म्हणून मागी लोकांची ती जुनी गोष्ट पुढें चालवून प्रभूच्या वधस्तंभापर्यंत न्यावी, म्हणजे लिहितां लिहितां अभ्यास आपोआप घडेल, अशी त्यानें युक्ति योजिली.

पालेस्तीन देश त्यानें पाहिला नव्हता. परंतु त्या देशाचा एक जर्मन नकाशा तो नेहमीं पुढ्यांत ठेवी, आणि गोष्टींतील माणूस एका गांवाहून दुसऱ्या गांवीं निघाला कीं त्याची वाट आधीं नकाशावर शोधी. रोमी लोकांच्या युद्धगलबतांत वल्हीं कशीं बसवीत, एवढेंच समजून घेण्यासाठीं तो वॉशिंग्टन व बोस्टन येथील ग्रंथालयें धुंडाळून आला. पुष्कळसें लिखाण त्यानें क्रॉफर्ड्सव्हिल येथें आपल्या घराजवळच्या एका मोठ्या झाडाखालीं बसून केलें. १८७८ सालीं त्याला न्यू मेक्सिको प्रांताचा गव्हर्नर नेमण्यांत आलें. त्या प्रांतांत तेव्हां दंगेधोपे व खून चालले होते, व त्याच्याही जिवाला धोका होता. दिवसा तो कारभार पाही, आणि रात्रीं सांता फे येथील जुन्या वाड्यांत, खिडक्या बंद करून, दिव्याच्या उजेडांत वधस्तंभाचा भाग लिही. १२ नोव्हेंबर १८८० रोजीं ग्रंथ प्रसिद्ध झाला. पहिले कांहीं महिने त्याचा खप बेताचाच होता. पुढें मात्र तो त्या शतकांतील अमेरिकेच्या अत्यंत लोकप्रिय ग्रंथांपैकीं एक ठरला. १८८१ पासून १८८५ पर्यंत वॉलेस तुर्कस्तानांत अमेरिकेचा वकील होता. त्या अवधींत तो पवित्र भूमींत गेला, लिहिलेल्या जागा त्यानें डोळ्यांनीं पाहिल्या, आणि ग्रंथांत फेरफार करण्याचें कारण त्याला दिसलें नाहीं.

परंतु याहून मोठी गोष्ट आधींच घडली होती. ग्रंथ पुरा होण्यापूर्वींच आपण देवावर व ख्रिस्ताच्या देवत्वावर विश्वास ठेवूं लागलों, असें त्यानें स्वतः सांगितलें आहे. बिरुयांतील लोकांप्रमाणें त्यानें शास्त्रांत शोध केला, आणि त्यांच्याप्रमाणेंच त्याला सांपडलें.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या बायबलाच्या शेवटीं नकाशे असल्यास ते उघडून पाहतां काय? लूकाच्या दुसऱ्या अध्यायांत बारा वर्षांचा येशू मागें राहिला व आईबापांना एक दिवसाच्या वाटेपर्यंत तें कळलें नाहीं, असें आपण वाचतों. नासरेथ व यरुशलेम यांत कित्येक दिवसांची पायवाट आहे, हें नकाशावरून दाखवा. मग पंढरीच्या वाटेनें चाललेल्या दिंड्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्या आपल्या लोकांना अधिक सांगावें लागणार नाहीं. मूल काकाबरोबर असेल, शेजाऱ्यांबरोबर असेल, असें आईबापांना कां वाटलें, तें त्यांना तत्काळ कळेल.

३. प्रभूच्या मुखीं आपले शब्द घालूं नयेत

या ग्रंथकारानें स्वतःला एक कडक नियम घालून घेतला होता. बाकीचीं माणसें त्यानें कल्पनेनें निर्माण केलीं. परंतु प्रभूला त्यानें कल्पित प्रसंगांत वावरूं दिलें नाहीं. त्याला एकच अपवाद आहे : नासरेथच्या विहिरीपाशीं तहानेनें व्याकुळ झालेल्या कैद्याला तरुण येशू पाणी पाजतो. आणि प्रभु जे शब्द बोलतो ते शुभवर्तमानांतलेच असावेत, असा त्याचा निश्चय होता. १८९९ सालीं या कथेचें नाटक झालें, तेव्हांही कोणा नटानें प्रभूचें सोंग घेऊं नये अशी त्याची अट होती; रंगभूमीवर फक्त प्रकाशाचा एक झोत दाखवीत.

हा नियम मीं आधीं पाळला असता, तर पुढील गोष्ट मला लिहावी लागली नसती.

सेमिनरींतून नुकताच बाहेर पडलों असतां एका खेड्यांत मीं जक्कयाची कथा सांगितली. जेवणाच्या वेळीं प्रभु जक्कयाला काय बोलला असेल, याची मीं आपल्या मनानें रचना केली : ‘तुझें दार ठेंगणें असलें तरी मी वांकून आंत येईन.’ लोकांचे डोळे पाणावले, आणि मला आपल्या वक्तृत्वाची धन्यता वाटली. कांहीं वर्षांनीं त्याच गांवीं एक म्हातारी मरणाच्या पंथास लागली होती. तिला अक्षरओळख नव्हती. तिनें मला बोलावून म्हटलें, “पाळकबाबा, ठेंगण्या दाराचं ते वचन वाचून दावा. माझ्या नातीचं बोट त्याच्यावर ठेवा, म्हंजे मागनं तिला घावंल.”

मीं लूकाचा एकोणिसावा अध्याय काढला. नात बोट पुढें करून उभी राहिली. त्या पानावर तें वाक्य नव्हतें, कोठेंच नव्हतें. मनांत आलें कीं, कोणत्याही ओळीवर बोट ठेवावें, हिला काय कळणार? परंतु देवानें मला तेवढ्यापासून राखलें. मी म्हणालों, “आजी, तें वचन प्रभूचें नव्हे. तें माझें होतें.” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग हितं काय लिवलंय, ते वाचा.” हरवलेल्यांना शोधून तारण्यासाठीं प्रभु आला, हें सांगणारें दहावें वचन मीं वाचलें. तिनें तें तीनदां वाचून घेतलें आणि नातीचें बोट स्वतःच्या हातानें त्यावर टेंकविलें.

माझें वाक्य गोड होतें; परंतु मरणाच्या घटकेस बोट ठेवावयाला तें जागेवर नव्हतें. प्रसंगाचें वर्णन करा, वाटेवरची धूळ सांगा, झाडाचीं पानें सांगा. पण प्रभु बोलूं लागला कीं पुस्तक उघडा आणि वाचा.

४. तरवार व वधस्तंभ

बेन-हूर हा यरुशलेमांतील एक यहूदी राजपुत्र. रोमी अधिकाऱ्याच्या अंगावर त्याच्या घराच्या गच्चीवरून एक कौल निसटून पडतें. त्याचा बाळपणचा रोमी मित्र त्याच्यावर खुनाचा आळ येऊं देतो. त्याला गलबतावर वल्हीं मारण्यास पाठवितात. आई व बहीण कोठडींत पडतात व महारोगी होतात. पुढें तो सुटतो, श्रीमंत होतो, आणि अंत्युखियांतील रथांच्या शर्यतींत त्या वैऱ्याचा सूड घेतो. ही शर्यतच लोकांच्या ध्यानांत अधिक राहिली आहे. १९२५ व १९५९ सालीं निघालेल्या चित्रपटांतही तीच गाजली. परंतु ग्रंथाचा आशय तेथें संपत नाहीं. येशूला तरवारीच्या बळावर राजा करावें म्हणून बेन-हूर गुप्तपणें सैन्य जमवितो. त्याची आई व बहीण प्रभूच्या हातून बऱ्या होतात. शेवटीं वधस्तंभाजवळ त्याला उमजतें कीं, हें राज्य तरवारीचें नव्हे. आणि आपली संपत्ति तो रोममधील छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठीं खर्च करतो.

ज्याच्या नांवाला लढाईंतील डाग चिकटला होता, त्याच सेनापतीनें हें लिहिलें. आपल्या गांवांतही ज्यांनीं आपला अपमान केला, ज्यांनीं पाणवठ्यावरून आपल्याला हांकलून दिलें, त्यांच्याविषयीं मनांत रथ जुंपून बसणारे थोडे नाहींत. न्याय मागणें हें पाप नव्हे. परंतु सुडाची तहान त्या नासरेथकराच्या हातचें पाणी प्याल्यावांचून भागत नाहीं.

५. जें राहून गेलें

एक गोष्ट लपविणें बरें नव्हे. विश्वास ठेवल्यावरही वॉलेस कोणत्याही मंडळीचा सभासद झाला नाहीं. मंडळ्यांशीं आपला विरोध नाहीं, परंतु आपलें स्वातंत्र्य आपल्याला प्रिय आहे, आणि प्रभुभोजनास बसण्याइतके आपण चांगले नाहीं, असें त्यानें लिहून ठेविलें. १९०५ सालीं तो वारला. त्याचा न्याय करणें आपलें काम नव्हे. परंतु ‘मी योग्य नाहीं’ म्हणून जो कोणी आज दाराबाहेर उभा असेल, त्याला माझें सांगणें इतकेंच कीं, प्रभूचें मेज योग्य लोकांसाठीं मांडलेलें नाहीं; भुकेल्यांसाठीं मांडलेलें आहे. जक्कयही झाडावरच राहिला असता, तर त्याला प्रभु दिसला असता. पण त्याच्या घरीं तो जेवला नसता.

मंडळींत विचारण्यासाठीं प्रश्न

१. तुमच्या विश्वासाविषयीं तुम्हांला कोणता प्रश्न विचारला जाण्याची भीति वाटते? त्याचें उत्तर शास्त्रांत कोठें शोधाल?
२. लूकानें आपलें शुभवर्तमान लिहिण्यापूर्वीं काय केलें, असें तो पहिल्या चार वचनांत सांगतो?
३. तुम्ही नेहमीं सांगतां अशी एखादी शास्त्रकथा घ्या. तिच्यांतील कोणता भाग पुस्तकांतला व कोणता तुमचा, हें वेगळें करून दाखवा.
४. कोणाविषयीं तुमच्या मनांत सूड आहे काय? त्याचें नांव कोणाला सांगूं नका. प्रार्थनेंत देवाला सांगा.