हृदयविकाराचा झटका आणि जन्मजात रचनादोष

हृदयविकाराचा झटका म्हटला की उतारवय, तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि रोहिण्यांत साचलेली चरबी हीच कारणे डोळ्यांसमोर येतात. बहुतांश रुग्णांबाबत ते खरेही असते. परंतु क्वचित प्रसंगी दोष जन्मापासून हृदयाच्या रचनेतच असतो. अशा वेळी तरुण वय वा निर्व्यसनीपणा यांचे संरक्षण मिळत नाही.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या डावी व उजवी अशा दोन करोनरी रोहिण्या महारोहिणीच्या मुळापासून निघतात. काही व्यक्तींत डावी रोहिणी उजव्या बाजूने उगम पावून महारोहिणी व फुप्फुसरोहिणी यांच्यामधून जाते. विश्रांतीच्या वेळी तिच्यातून होणारा पुरवठा पुरतो. मात्र जोराच्या श्रमात तो अपुरा पडून स्नायूला इजा होऊ शकते. दुसऱ्या एका दोषात डावी रोहिणी फुप्फुसरोहिणीतूनच निघते. बोस्टनच्या ब्लँड, व्हाइट व गारलँड या डॉक्टरांनी १९३३ मध्ये त्याचे वर्णन केले. सुमारे ३ लाख जन्मांमागे एका बालकात तो आढळतो. असे तान्हे मूल दूध पिताना घामाघूम होते, धापा टाकते, कळवळून रडते. उपचारांअभावी बहुतेक बालके वर्षाच्या आत दगावतात. वेळीच शस्त्रक्रिया झाल्यास जीव वाचू शकतो.

अमेरिकेचे विख्यात बास्केटबॉलपटू पीट मॅराविच ५ जानेवारी १९८८ रोजी खेळताना कोसळून मरण पावले. वय अवघे ४० होते. त्यांना डावी करोनरी रोहिणीच नव्हती, हे शवविच्छेदनानंतर कळले. दहा हंगाम व्यावसायिक सामने खेळूनही दोष लपून राहिला होता.

कडाव परिसरात भातलावणी, डोंगरचढण वा कबड्डी यांत तरुणाला भोवळ आली, तर ऊन किंवा पित्त म्हणून ती गोष्ट सोडून दिली जाते. श्रमाच्या ऐन भरात छातीत कळ येणे, शुद्ध हरपणे अथवा कुटुंबात कोणी तरुणपणी अचानक दगावलेले असणे, यांपैकी काहीही असल्यास तपासणी अवश्य करावी. साधा ईसीजी निर्दोष आला म्हणून निश्चिंत राहू नये. आवश्यकतेनुसार इकोकार्डिओग्राफी व सीटी अँजिओग्राफी करावी लागते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाडी व शाळांत होणाऱ्या तपासणीत जन्मजात हृदयदोषांचाही समावेश आहे. पालकांनी त्या दिवशी मुलांना आवर्जून उपस्थित ठेवावे आणि मुलाची तक्रार डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावी.