स्पंदकांच्या संकेतांतून आंतरतारकीय प्लाझ्माचा वेध

ताऱ्यांमधील अवकाश रिकामे असते, असा सर्वसामान्य समज आहे. वस्तुतः तेथे अतिविरळ वायू पसरलेला असून त्याचा काही भाग आयनीभूत अवस्थेत आहे. मुक्त इलेक्ट्रॉन आणि आयन यांच्या या मिश्रणास प्लाझ्मा म्हणतात. सूर्याच्या परिसरात त्याची घनता दर घनसेंटिमीटरमागे सरासरी ०.०३ इलेक्ट्रॉन एवढीच आहे. इतके विरळ द्रव्य मोजण्याचे प्रभावी साधन शास्त्रज्ञांना स्पंदकांच्या, म्हणजेच पल्सारच्या रूपाने लाभले.

स्पंदक हे वेगाने फिरणारे न्यूट्रॉन तारे होत. दीपगृहाच्या झोताप्रमाणे त्यांचे रेडिओ किरण ठरावीक अंतराने पृथ्वीवर येतात. १९६७ मध्ये केंब्रिज येथे जोसेलिन बेल व अँटनी ह्यूइश यांनी त्यांचा शोध लावला.

विलंबातून घनतेचे मापन

प्लाझ्मातून जाताना कमी कंप्रतेच्या लहरी अधिक रेंगाळतात. हा विलंब कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. क्रॅब तेजोमेघातील स्पंदक सेकंदाला सुमारे ३० स्पंद पाठवतो. त्याचा जो स्पंद १४०० मेगाहर्ट्झवर येतो, तोच ४०० मेगाहर्ट्झवर सुमारे १.४ सेकंद उशिरा पोहोचतो. या फरकावरून वाटेतील इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या मिळते. स्पंदकाचे अंतर ज्ञात असल्यास सरासरी घनता काढता येते. घनतेचे प्रारूप ज्ञात असल्यास उलट अंतराचा अंदाज बांधता येतो.

लहरींच्या ध्रुवणाची दिशा किती वळली, यावरून आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्राचे मापन होते. प्लाझ्मातील खळबळीमुळे स्पंदकही ताऱ्यांप्रमाणे लुकलुकतात आणि त्यांच्या स्पंदांना लांब शेपटी फुटते. या खुणांवरून प्लाझ्माच्या सूक्ष्म रचनेचा अभ्यास केला जातो.

भारताचे योगदान

कमी कंप्रतेवर हे परिणाम ठळक होतात आणि नेमके हेच भारतीय दुर्बिणींचे क्षेत्र आहे. तामिळनाडूतील उटी येथील ५३० मीटर लांबीच्या दुर्बिणीनंतर डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यातील खोडद येथे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली जीएमआरटी उभी राहिली.

या मापनाचे महत्त्व आता प्लाझ्मापुरते उरलेले नाही. अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींमुळे स्पंदांच्या आगमनकाळात अत्यल्प फरक पडतो. प्लाझ्माच्या घनतेतील बदलही असाच फरक घडवितात. मात्र गुरुत्वीय लहरींचा परिणाम सर्व कंप्रतांवर सारखा असतो, तर प्लाझ्माचा कंप्रतेनुसार बदलतो. त्यामुळे एकाच वेळी निरनिराळ्या कंप्रतांवर निरीक्षण केल्यास प्लाझ्माचा वाटा वजा करता येतो. अद्ययावत जीएमआरटीवरील अशी निरीक्षणे युरोपीय निरीक्षणांना जोडण्यात आली आणि जून २०२३ मध्ये या लहरींच्या अस्तित्वाचे पुरावे जाहीर झाले. अमेरिका, ऑस्ट्रेलिया व चीनमधील गटांनीही त्याच वेळी आपले निष्कर्ष मांडले.

रेडिओ शांततेची गरज

स्पंदकांचे संकेत अत्यंत क्षीण असतात. मोबाइल मनोरे, विजेच्या तारांवरील ठिणग्या, सदोष विद्युत उपकरणे यांच्या गोंगाटात ते सहज बुडून जातात. म्हणूनच विकासाची कामे आखताना दुर्बिणीच्या परिसरातील रेडिओ शांतता जपणे आवश्यक आहे. देशाने उभारलेल्या या वैज्ञानिक साधनाची उपयुक्तता त्या शांततेवरच अवलंबून आहे.