संत्र्यावरील बुरशी आणि पेनिसिलीन

पांढुर्णा-सौंसरच्या परिसरात संत्र्याची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. परंतु ढिगातील एखादे नासके संत्रे तुम्ही निरखून पाहिले आहे काय? प्रथम त्यावर पांढरी लव दिसते, मग तीवर हिरवट-निळसर भुकटी पसरते. ही बुरशी बहुधा ‘पेनिसिलियम’ कुळातील असते. याच कुळातील दुसऱ्या एका जातीने जगाला पेनिसिलीन हे औषध दिले.

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना असे आढळले की, जंतूंच्या बशीत आपोआप उगवलेल्या बुरशीभोवतालचे जंतू नाहीसे झाले आहेत. परंतु तेवढ्याने औषध हाती आले नाही. बुरशीच्या द्रवात ते द्रव्य अत्यल्प असे व लवकर नष्टही होई. हे कोडे पुढे ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन व हीटली यांनी सोडविले. त्यांनी तो द्रव गाळून थंड केला, त्यात थोडे आम्ल मिसळले व ईथर घालून तो घुसळला. तेव्हा पेनिसिलीन ईथरमध्ये उतरले. तेथून ते आम्लरहित पाण्यात उतरवून गोठवून सुकविले.

त्यानंतर परीक्षा! २५ मे १९४० रोजी आठ उंदरांना घातक जंतू टोचण्यात आले. चौघांना पेनिसिलीन दिले, चौघांना मुद्दाम दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी औषध न मिळालेले चारही मेलेले आढळले. औषध मिळालेले चारही जिवंत होते. पहिले चार नसते, तर दुसरे चार औषधाने वाचले की आपोआप, हे कशावरून ठरले असते?

१९४१ साली आल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायास हे औषध टोचले. त्यास उतार पडू लागला. साठा इतका तुटपुंजा होता की, त्याच्या मूत्रातून औषध पुन्हा काढून वापरावे लागले. अखेर साठा संपला व तो दगावला. औषध सापडणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते पुरेसे निर्माण होणेही! म्हणूनच १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले.

मात्र नासक्या संत्र्यावरील बुरशी कोणी जखमेस लावू नये. शुद्ध पेनिसिलीनही काहींना सोसत नाही; ते वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे. आणि कोणी एखादी बुरशी वा अळंबी सर्व रोगांवर गुणकारी म्हणून पुढे केली, तर नम्रपणे तीन प्रश्न विचारावे : यातील द्रव्य कोणते? मात्रा किती? परीक्षा कशी घेतली?