ही नागीण नव्हे

प्रश्न : आईच्या तोंडात दोन महिने जखमा आहेत. आता पाठीवर फोड येऊन फुटतात. शेजारी नागीण म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, निजामपुरा, भिवंडी

उत्तर : नागीण सहसा एकाच बाजूला पट्ट्यात उठते आणि दोन-चार आठवड्यांत ओसरते. तुमच्या वर्णनावरून पेम्फिगस या आजाराची शंका येते. यात प्रतिकारशक्तीच त्वचेच्या पेशींमधले दुवे तोडते. तो संसर्गाने पसरत नाही. आईचे ताट वेगळे करू नका. त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. बायोप्सीसाठी, म्हणजे त्वचेचा नमुना तपासण्यासाठी, मुंबईत केईएम किंवा जे. जे. रुग्णालय आहे. स्टेरॉइड, रिटुक्सिमॅब या औषधांनी आजार आटोक्यात येतो. मात्र स्टेरॉइड मनाने घेऊ नका, सुरू झाल्यावर अचानक थांबवू नका. फोडांवर झाडपाला नको. ताप आला, कातडी सोलवटू लागली किंवा पाणीही गिळवेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.