खावटीचे गणित

दुष्काळ म्हटला की भेगाळलेली जमीन व आटलेल्या विहिरी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु आपले शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले असून येथे वर्षाकाठी सुमारे शंभर इंच पाऊस पडतो. असे असूनही आपल्या पूर्वजांस उपासमार का सोसावी लागली, या प्रश्नाचा आज आपण विचार करू.

पाऊस किती पडला, यापेक्षा तो केव्हा पडला, यावर भाताचे पीक अवलंबून असते. उन्हाळ्यात पालापाचोळा व शेण जाळून राब भाजावयाचा, मृगाच्या सुमारास त्यावर बी पेरावयाचे आणि रोपे वीतभर झाली की आवणी करावयाची, हा येथील जुना क्रम होय. मृग कोरडा गेला तर रोपे करपतात. आवणीनंतर अतिवृष्टी झाली तर बांध फुटून ती वाहून जातात. हस्ताचा पाऊस चुकला तर दाणा पोचट राहतो. आणि कापलेले भात खाचरात पडले असता अवकाळी सर आली तर ते भिजून त्यास मोड येतात. शंभर इंचांच्या मुलखातही दुष्काळ असा चार वाटांनी येत असे.

आता घरातील स्थिती पाहू. हळवे भात आश्विनात हाती येते. तत्पूर्वी, आषाढ-श्रावणात, गरिबाची कणगी रिकामी होई. आणि चिखलातील कष्टाचे काम नेमके याच दिवसांत असे. कातकरी व ठाकूर कुटुंबे रानातील कंद खोदून आणीत. त्यांपैकी कडू कंद चकत्या करून राखेबरोबर उकडावा व वाहत्या पाण्यात ठेवावा, तेव्हा कोठे त्याचा कडवटपणा जाई. टाकळा, कुर्डू, भारंगी यांची भाजी व नाचणीची पेज यांवर दिवस निघत. तेही न पुरले म्हणजे घरधनी सावकाराच्या दारी जाऊन खाण्यासाठी धान्य उसने आणी. हीच खावटी होय. ती पुष्कळदा दीडीने फेडावी लागे. म्हणजे दोन मण भात नेले तर सुगीला तीन मण परत द्यावयाचे.

मुलांनो, येथे पाटी घ्या. समजा, त्या वर्षी पीक बुडाले. तीन मणांचे पुढील सुगीस साडेचार मण झाले. तेही वर्ष वाईट गेले, तर तिसऱ्या सुगीस पावणेसात मण! घरात आले दोनच मण, आणि फेडावयाचे तिपटीहून अधिक. धान्य नाही म्हणून बाप मजुरीने फेडू लागला, आणि बाप थकला की मुलगा. पाऊस एक-दोन वर्षेच चुकला, पण त्याचा भार दुसऱ्या पिढीच्या खांद्यावर गेला. मुंबई सरकारसाठी सायमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ साली आदिवासींच्या स्थितीविषयी जो अहवाल लिहिला, त्यात खावटीच्या कर्जाची व वेठीची हकीकत आली आहे. ज्या भागांविषयी तो अहवाल होता, त्यांत आपला शहापूर तालुकाही होता.

कधी कधी संकटे जोडीने येत. १९१८ साली देशभर पाऊस फसला आणि त्याच शरद ऋतूत इन्फ्लुएंझाची साथ आली. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. सुगीचे दिवस आणि अंथरुणास खिळलेली घरे, अशी ती अवस्था होती.

पुढे काळ पालटला. १९४८ चा कूळकायदा, १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा व १९७७ चा रोजगार हमीचा कायदा यांनी गरिबाच्या हाती काही आधार दिला. तथापि हे गणित पुरते पुसले गेले आहे, असे आम्हांस म्हणवत नाही. आजही दिवाळीनंतर काही कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, आणि त्यांच्याबरोबर मुलेही जातात. वर्गातील रिकामी जागा पाहिली की आम्हांस ती पावणेसात मणांची बेरीज आठवते.

पालकांस आमची एक विनंती आहे. अडचणीच्या वर्षी प्रथम मुलाची शाळा सोडवू नये. आधी शिक्षकांच्या कानी घालावे. आणि मुलांनो, या सुटीत आजी-आजोबांजवळ बसा. कोणत्या वर्षी पीक गेले, तेव्हा घरात काय शिजले, खावटी किती आणली व ती कोणी फेडली, हे विचारून वहीत लिहा. आपले शेत कोणाच्या कष्टाने राहिले, हे त्यावरून तुम्हांस कळेल.