वाढती संख्या आणि विसरलेली विधवा

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये ६:१–७; रोमकरांस पत्र, अध्याय १६; ३ योहान १३–१४.



मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि आपल्या उपासनामंदिरांची दारे मिटली. त्या वर्षी उत्तम शुक्रवार १० एप्रिल रोजी व पुनरुत्थानाचा सण १२ एप्रिल रोजी आला. दोन्ही दिवस आपण घरीच, मोबाइलच्या आधाराने पाळले. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी पुन्हा उघडली. तथापि मोबाइलवर जमलेली मंडळी मात्र पांगली नाही. उलट ती वाढत गेली. आज पुष्कळ गावी सतरंजीवर बसणाऱ्यांपेक्षा मोबाइलवरील प्रार्थनामंडळात नावे अधिक असतात. पुण्यामुंबईस गेलेले तरुण, आखाती देशांत नोकरीस असलेले बाप, परगावी दिलेल्या मुली, आणि ज्यांनी आपल्या मंदिराची पायरी कधी चढली नाही असेही कित्येक लोक त्यांत असतात.

या वाढीविषयी आपल्यांत दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, हा प्रभूचा आशीर्वाद होय. कोणी म्हणतो, ही नुसती नावांची भरती होय. शास्त्र काय म्हणते हे आज पाहू.

१. गणती निषिद्ध नाही

पेंटेकॉस्टच्या दिवशी सुमारे तीन हजारांची भर पडली, हे लूक आनंदाने लिहून ठेवतो (प्रे. कृ. २:४१). चौथ्या अध्यायात पुरुषांचीच संख्या पाच हजारांपर्यंत गेल्याचे तो सांगतो. आकडा लिहिण्यात त्याला संकोच वाटत नाही, कारण प्रत्येक आकड्यामागे एक तारलेला जीव आहे. यास्तव मोबाइलवरील मंडळात नवे नाव आले असता नाक मुरडणे हे ख्रिस्ती माणसास शोभत नाही.

परंतु तोच लूक सहाव्या अध्यायाच्या आरंभी शिष्यांची संख्या वाढल्याचे सांगतो आणि त्याच श्वासात एक तक्रार नोंदवितो. रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. कोणी दुष्टपणा केला असे तेथे म्हटलेले नाही. मंडळी मोठी झाली, भाषा दोन झाल्या, आणि ज्यांच्यासाठी बोलणारे घरात कोणी नव्हते त्यांचे पान रिकामे राहिले. वाढीबरोबर येणारा पहिला धोका हाच होय : यादीत नाव असते, पण पंगतीत कोणी वाढीत नाही.

प्रेषितांनी यावर काय केले? त्यांनी वाढ थांबविली नाही, तक्रार करणाऱ्यांना दटावलेही नाही. सात माणसे निवडवून घेऊन हे काम त्यांच्या हाती सोपविले. त्या सातांची नावे पाहा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ज्या बाजूची माणसे विसरली जात होती, त्या बाजूची भाषा जाणणाऱ्यांवर जबाबदारी आली असे यावरून दिसते. आणि सातवे वचन सांगते की यानंतर शिष्यांची संख्या आणखी फार वाढली. काळजीची व्यवस्था झाली, तेव्हा वाढ टिकली.

२. दूर राहणाऱ्यांची मंडळी नवी नाही

कोणी म्हणेल, एकमेकांस न पाहता मंडळी कशी होईल? पौलाने रोमकरांस पत्र लिहिले तेव्हा तो रोमेस गेलेला नव्हता. तरी सोळाव्या अध्यायात तो वीसांहून अधिक माणसांस नावानिशी सलाम पाठवितो : कोणी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला, कोणी प्रभूसाठी पुष्कळ श्रम केले, कोणाची आई त्याला आईसारखी झाली. इतक्या दूर असूनही तो माणसे ओळखतो. त्याच अध्यायात तो फिबी या भगिनीची शिफारस करितो. पत्र तिनेच नेले असावे असे अभ्यासक मानतात. म्हणजे पत्रासही एक नेणारा हात लागला. योहान तर स्पष्टच लिहितो की पुष्कळ सांगावयाचे आहे, पण ते शाईने व लेखणीने सांगण्यापेक्षा समोरासमोर भेटून बोलण्याची त्याला आशा आहे.

आपल्या महाराष्ट्रातही हे घडलेले आहे. १८४२ साली अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ सुरू झाला, तेव्हापासून दूरदूरची ख्रिस्ती कुटुंबे छापील पानाने परस्परांशी बांधली गेली. साधन बदलले, पण दूरच्या विश्वासणाऱ्यास शब्दाने गाठण्याची रीत जुनीच आहे.

३. कोल्हापूरच्या एका पुत्राचे उदाहरण

रॉयल वाइल्डर हे १८५२ साली कोल्हापुरास आले. त्यांनी शाळा काढल्या, गावोगाव उपदेश केला. त्यांचा पुत्र रॉबर्ट याचा जन्म १८६३ साली कोल्हापुरातच झाला. पुढे अमेरिकेत, १८८६ च्या उन्हाळ्यात, माउंट हर्मन येथील विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात या रॉबर्टच्या खटपटीने शंभर तरुणांनी परदेशी सुवार्ताकार्यास जाण्याची तयारी दर्शविली. त्यानंतर तो व त्याचा एक सोबती कॉलेजे फिरले, आणि एका वर्षात दोन हजारांहून अधिक सह्या जमल्या. १८८८ साली त्यातून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ रीतसर उभी राहिली.

सही करणारे पुष्कळ जण कधीच परदेशी गेले नाहीत. तथापि पुढील काही दशकांत हजारो गेले, आणि रॉबर्ट स्वतः हिंदुस्थानात येऊन विद्यार्थ्यांमध्ये राबला. यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. सही ही पेरणी होय, तिला हसू नये. आणि पेरणीस कोणी पीक म्हणू नये.

४. साताऱ्याचा दरबार

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले आहे. रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला व पुढे ते ‘ज्ञानोदया’चे संपादक झाले. १९१७ साली त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे सर्व ख्रिस्तशिष्य एका बंधुत्वात यावे ही त्यांची आकांक्षा होती. मंडळीच्या वहीत ज्यांचे नाव नव्हते, त्यांच्यासाठी त्यांनी दार उघडे ठेविले. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले, आणि संस्था या नात्याने दरबार फार काळ टिकला नाही. दार विस्तीर्ण होते. पण आत आलेल्यांस सांभाळणारे हात पुरेसे तयार होण्याइतका अवधीच मिळाला नाही, असे मला वाटते. आज मोबाइलवर जो अनोळखी मनुष्य मुकाट्याने आपली प्रार्थना ऐकतो, तो टिळकांच्या दारातच उभा आहे. त्याला आत घेणारा कोण?

५. निरोप व हात

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा व कृष्णा यांच्या महापुराने करवीर व शिरोळ तालुक्यांतील गावे वेढली आणि पुणे–बंगळूरु महामार्ग कित्येक दिवस बंद पडला. त्या दिवसांत मोबाइलवरचा निरोप फार मोलाचा होता. कोणत्या माळवदावर किती माणसे अडकली हे त्यावरूनच कळे. परंतु निरोपाने कोणी पाण्याबाहेर आले नाही; निरोपाने नाव बोलाविली, आणि नावेतील हातांनी माणसे काढली. दूरच्या सहभागितेचे खरे काम हेच : तिने हात बोलवावा. जेथे दुःखाच्या बातमीखाली जोडलेल्या हातांची चित्रे पडतात आणि कोणीच उंबरा ओलांडीत नाही, तेथे ती विधवा आजही विसरली जात आहे.

पौल आपल्याला सभासद म्हणत नाही, एकमेकांचे अवयव म्हणतो (रोम. १२:५). सभासद सभेस आला नाही तर सभा चालते. अवयव दुखला तर सारे अंग जागे राहते.

६. आपण काय करावे

पहिले : मंडळीच्या पंचांनी मोबाइलवरील नावांची एक वही करावी, आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाची विचारपूस करणाऱ्याचे नाव लिहावे. ज्या नावापुढे जागा कोरी राहील, ती आपली विधवा होय. दहाबारा नावांस एक माणूस पुरे.

दुसरे : हे काम ज्यांना त्यांची भाषा येते त्यांस द्यावे. तरुणांची विचारपूस तरुणांनी करावी, सासुरवाशिणींची भगिनींनी. ज्या म्हाताऱ्यांकडे मोबाइल नाही त्यांस कोणीतरी घरी जाऊन भेटावे, नाहीतर नवी यादी वाढताना जुनी माणसे गळतील.

तिसरे : परगावी राहणाऱ्यास तेथील मंडळीचा पत्ता व आपला दाखला द्यावा. उपदेश व प्रार्थना तारेवरून जातात. प्रभुभोजनाची भाकर मात्र हातानेच मोडावी लागते. आपल्या यादीतून एक नाव कमी होऊन तेथील पंगतीत एक माणूस वाढले, तर ते प्रभूच्या हिशेबी नुकसान नव्हे.

चौथे : वार्षिक सभेत किती नावे वाढली हे सांगताना, वर्षात किती घरांस भेटी दिल्या हेही सांगावे.

विचारार्थ प्रश्न

(१) सहाव्या अध्यायात वाढ व तक्रार एकाच वचनात का आली असावी?
(२) आपल्या मोबाइलवरील मंडळात असे कोण आहे, की जो महिनाभर गप्प राहिला तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही?
(३) त्याच्याकडे या आठवड्यात कोण जाईल? धडा संपण्यापूर्वी नाव ठरवावे.