जमिनीचा घसारा कोण धरणार?



वार्षिक सभेचा अहवाल हाती पडला की आपण आधी काय बघतो? उसाला दर काय आणि लाभांश किती. पण त्याच पानांत ‘घसारा’ म्हणून एक रक्कम असते. रोलर, बॉयलर, टर्बाइन चालून चालून झिजतात. म्हणून नफा ठरविण्याआधी त्या झिजेची रक्कम वजा करावी लागते. ती न धरता कोणी लाभांश वाटू लागला, तर सभेत कोणीतरी उठून विचारीलच, “अहो, हा नफा वाटताय का भांडवल?”

नेमका हाच प्रश्न परिस्थितिकी अर्थशास्त्राने, म्हणजे निसर्गाचाही जमाखर्च धरणाऱ्या अर्थशास्त्राने, देशोदेशींच्या हिशेबाला विचारला आहे. हर्मन डेली (१९३८–२०२२) हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ या विचाराचे एक प्रमुख प्रवर्तक. १९८८ ते १९९४ या काळात ते जागतिक बँकेत होते.

पुढच्या पिढीच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागविणे म्हणजे शाश्वत विकास, अशी व्याख्या १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने केली. ती सर्वांनाच पटते. वाद आहे तो पोरांच्या हाती काय ठेवायचे यावर. एक पक्ष म्हणतो, एकूण भांडवल कायम राहिले म्हणजे झाले. जमीन गेली तरी बँकेत पैसा आहे ना! डेलींचा पक्ष म्हणतो, तसे चालत नाही. आपल्याला हे सहज कळेल. गाळप क्षमता दुप्पट केली आणि रानात ऊसच नसला, तर त्या यंत्रांचे काय करायचे? यंत्र हे उसाच्या जोडीला लागते, उसाच्या जागी चालत नाही.

याचा दाखला म्हणजे प्रशांत महासागरातील नाउरू बेट. क्षेत्र अवघे २१ चौरस किलोमीटर. तेथे उत्तम फॉस्फेटचा दगड होता. १९०७ पासून तो परदेशी जाऊ लागला आणि त्याच्या सुपर फॉस्फेटवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची शेते पिकली. १९६८ साली बेट स्वतंत्र झाले. पुढे १९७० च्या दशकात दरडोई उत्पन्नात ते जगातील अगदी श्रीमंत देशांत गणले जाई. दगड संपल्यावर उपयोगी पडावा म्हणून त्यांनी निधीही उभा केला. पण गुंतवणुका चुकल्या. १९९३ साली तर लंडनच्या एका संगीत नाटकातही पैसा घातला, तेही पडले. निधीचा मोठा भाग बुडाला, दगडही सरत आला. बेटाचा सुमारे चार पंचमांश भाग खणून निघाला होता, तेथे राहिले नुसते सुळके. पैसा गेला तर परत मिळवता येतो. माती परत कोठून आणायची?

नाउरू लांब आहे खरे, पण आपल्या बांधावर काय चालले आहे? कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूरकडं वारेमाप पाण्यानं कितीतरी रानं क्षारपड झाली. दुसरीकडं बोअर खोल खोल चालली आहे. बिलात टनेज दिसते. मातीची झीज आणि उतरलेले पाणी कोणत्याच रकान्यात दिसत नाही.

डेलींचे तीन नियम लक्षात ठेवण्याजोगे आहेत. जे पुन्हा भरून येते, ते भरण्याच्या वेगाहून जास्त उपसू नये. घाण निसर्गाला पचेल त्याहून जास्त सोडू नये. जे भरून येतच नाही, ते वापरताना तेवढ्याच वेगाने त्याला पर्याय उभा करीत जावे.

तेव्हा प्रत्येकाने घरच्या वहीत घसाऱ्याचे एक पान घालावे. माती तपासून सेंद्रिय कर्ब, सामू आणि क्षारता मांडावी. विहिरीची पातळी दिवाळीला एकदा व मे महिन्यात एकदा दोरीने मोजावी. आकडा बिघडत असेल, तर त्या सालच्या उसाच्या बिलातील काही पैसा भांडवलाचा आहे, असे समजावे आणि तो रानातच परत घालावा: पाचट न जाळता कुजवावे, ताग-धैंचा गाडावा, ठिबक करावे, चर काढून पाण्याचा निचरा करावा.

कारखान्याचा घसारा तपासायला लेखापरीक्षक येतो. रानाचा घसारा आपला आपणच धरायचा आहे. आपण नाही धरला, तर तो आपल्या पोरांच्या नावे पडणार.